वॉर्डातले स्पीकर आणि खोटे दिवे

नव्वदीच्या सुरुवातीला मिरजेत एक नवं हॉस्पिटल बांधलं जात होतं. डॉक्टर-नर्सना हाक मारायला वॉर्डावॉर्डात स्पीकर लावायचे आणि एखादा बंद पडला, की खाली स्वागतकक्षातल्या पॅनेलवरचा त्याचा दिवा विझायचा, अशी योजना होती. वायरिंगचा आराखडा सांगलीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मी केला. आवाजाच्या वायरी विजेच्या लाइनपासून लांब न्यायच्या आणि प्रत्येक स्पीकरपासून एक बारीक वायर पॅनेलपर्यंत परत आणायची.

वायरी ओढणारा ठेकेदार माझा नकाशा उघडायचाच नाही. मी विचारलं, की उत्तर शेजारी उभ्या असलेल्या वॉचमनला द्यायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गेले, तर वायरी झाकणारं छत बंद झालेलं आणि पॅनेलवर सगळे दिवे झळकत होते. मी वर जाऊन एका वॉर्डातल्या स्पीकरची वायर काढली. खाली त्याचा दिवा तसाच. दुसऱ्याची काढली, तरी तेच. मग पॅनेल मागून उघडलं. परतीची एकही वायर नव्हती. सगळे दिवे सरळ वीजपुरवठ्याला जोडून दिले होते.

"आवं म्याडम, दिवं लागल्याशी कारण," ठेकेदार म्हणाला. "पावण्यांना काय कळतंय?"

मी आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "उद्याचा कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

मी फोन ठेवला, पक्कड घेतली आणि ती जोडणी तोडली. पॅनेल काळं पडलं. ठेकेदाराची आरडाओरड ऐकून हॉस्पिटलचे मालक डॉक्टर धावत आले. मी त्यांना सगळं दाखवलं.

"म्हणजे वॉर्डात हाक पोचली नाही, तरी आम्हाला कळलं नसतं?"

"नसतं."

दुसऱ्या दिवशी पॅनेलवर पडदा टाकून उद्घाटन झालं. नंतर डॉक्टरांनी छत उघडायला लावलं आणि माझ्याच नकाशाप्रमाणे वायरी ओढून घेतल्या. देखरेखीला मात्र साहेबांनी माझ्या सहकाऱ्याला पाठवलं. मला म्हणाले, "तुमचा स्वभाव जरा तापट आहे. बाईमाणसाला शोभत नाही."

ठेकेदाराला कुणी खोटारडा म्हटलं नाही. पुढं आमच्या कंपनीचं साताऱ्यातलं कामही त्यालाच मिळालं. ते कळलं त्याच दिवशी मी राजीनामा दिला. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांच्या टेबलासमोर उभी राहून मी ते मोठ्या आवाजात सांगितलं, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.