वयनी चालून मेली नाही

वयनी भिंत चढायची. म्हणजे तिची बोटं चढायची. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन बांबोळीच्या इस्पितळातून ती सुर्ल्याला परत आली तेव्हा तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सकाळी पडवीतल्या भिंतीला तोंड करून ती उभी राहायची आणि कोळ्यासारखी बोटं वर सरकवायची. जिथे दुखून थांबायची तिथे लाल ठसे राहायचे. आमच्या गावात खाणीची धूळ कुणाच्या बोटांना नव्हती? शिगम्यापर्यंत ठसे दादाच्या फोटोच्या खिळ्याला पोचले. चतुर्थी आली तसा मी भिंतीला चुना मारून घेतला. वयनी हसली. म्हणाली, "चुनो मारलास म्हणान काय झाला, भावजी? हात खंय पावलो ता माका ठावक आसा."

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा तिच्या दुखण्याआधीच गेला होता, त्यामुळे घरात शब्द माझा चालायचा. हे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या शब्दानंच केलं.

हात हलवा, रोज चाला, वजन वाढू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि घरी येताना आरामखुर्ची घेऊन आलो. दुखणेकऱ्याला साजूक तूप चारायचं आणि त्याच्या हातातली कळशी हिसकावून घ्यायची, याला आमच्याकडे माया म्हणतात. शेजारणी शिऱ्याचे डबे घेऊन यायच्या. वयनी तो शिरा बश्यांत घालून त्यांच्याच पुढे ठेवायची. "दुखणा माझा, शिरो तुमचो," म्हणायची, आणि आपण पेज नि अळसांद्याची उसळ खायची.

तेव्हा खाणी बंद होत्या, धूळ तेवढी उरली होती, ट्रकांचा रस्ता मोकळा पडला होता. चहा झाला की प्लास्टिकच्या चपला घालून वयनी निघायची. आधी वडापर्यंत, मग देवळापर्यंत, मग देवळाला वळसा घालून. परत यायची ती घामानं भिजून, रस्त्यात भेटलेल्यांच्या नकला करत. आजारातून उठलेलं माणूस इतकं हसू शकतं हे मला त्या दिवसांत कळलं, आणि तरीही मला लाजच वाटत राहिली. तिठ्यावर कुणीतरी विचारलंच, "विधवा भावजय, त्यात आजारी, आणि तिला रस्त्यावर सोडलीत?" त्या माणसाच्या थोबाडीत द्यायची सोडून मी खाली मान घालून घरी आलो.

त्या वर्षी गणपतीपुढे वयनीनं फुगडी घातली. दोन्ही हात ताणून, मान मागे टाकून, सुनांना दमवणारी फुगडी. भरल्या मांडवात मी तिला म्हणालो, "पुरे झाला. वयाची नाय तर दुखण्याची तरी लाज धर." फुगडी मोडली. दुसऱ्या दिवशी ती चालायला निघाली तेव्हा मी फाटकात उभा होतो.

तिनं माझ्याकडे बघितलं. "मरणान सोडल्यान माका, भावजी. तुमी कधी सोडतलास?"

मी बाजूला झालो नाही. तिनं चपला काढल्या आणि ती त्या खुर्चीत जाऊन बसली. नंतर ती उठली ती जेवायला आणि झोपायलाच. हात सुजला, गुडघे धरले, साखर वाढली. आम्ही म्हणायचो, बघा, आता कशी शांत झाली.

काही वर्षांनी दुखणं परतलं आणि ती गेली. ते आमच्यामुळे परतलं असं मी म्हणत नाही. चालणाऱ्यांचंही परततं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण मधली ती वर्षं तिची होती. तिनं ती भिंतीवर बोटं घासून मिळवली होती आणि आम्ही ती खुर्चीत घालवली. वर तिच्या बाराव्याला पानावर बसून लोक म्हणाले, ऐकलं नाही, चालून चालून मेली, फुगडीनं खाल्ली तिला. जिलबी चावत म्हणाले. आणि मी मान डोलावली.

परवा शेजारची सून तेच ऑपरेशन होऊन घरी आली. शिऱ्याचे डबे पोचले. मी बघायला गेलो तर तिची सासू तिला सांगत होती, "पडून रव गे. आमच्या वयनीचा काय झाला, आयकलंस मगे?"

मी म्हणालो, "वयनी चालून मरूक नाय. तिका आमी बसयली. मी बसयली."

सासूला राग आला. म्हातारा भ्रमला, असं ती आता वाडाभर सांगते आहे. सांगू दे. त्या पोरीला मी चालायचा रस्ता सांगून आलोय, आधी वडापर्यंत. उद्या सकाळी ती निघेल तेव्हा मी त्यांच्या फाटकात उभा असेन. तिला अडवायला कोण येतो ते मला बघायचंय.