सुरगाठ

आमच्या विद्यापीठाच्या अनुदान विभागात खिडकीशी बसणारे ते काका मला रोज दिसत. नाव कधी विचारलं नाही. सिकलसेलवरच्या माझ्या संशोधनाची फाइल त्यांच्याच टेबलावरून पुढे जायची. रक्ताचे नमुने ठेवायला फ्रीज हवा होता, आणि मार्चअखेर अनुदानाची मुदत संपणार होती.

दुपारच्या पिवळट उन्हात काका फाइलची लाल फीत इतकी सावकाश बांधत, की वाटे, झोपाळू लेकीची वेणी घालताहेत. गाठ नेहमी सुरगाठ.

"काका, पक्की काहून नाही बांधत?"

"पक्की दिसली का साहेब फाइल उद्यावर टाकते, मॅडम. हे हात लागला का सुटते. अभनपूरची ते पोट्टी उद्यापर्यंत कशाला थांबन?"

त्या आजारी पोरीबद्दल मी अर्जाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. तिथवर आजवर कुणीच वाचलं नव्हतं.

फ्रीज आला. सांगायला धावत गेले, तर काका निवृत्त झालेले. खिडकीतलं ऊन तेच होतं, टेबलावर फायलींचा ढीग होता, आणि प्रत्येकीला घट्ट निरगाठ.

कुणाची आहे ते न बघता मी वरची एक उचलली आणि नखांनी सोडवत बसले.