सॅमन, देवमासा आणि डॉक्टरची जीभ

स्कॉटलंडला मासे धरायला जायचं ठरलं ते डॉक्टरच्या जिभेसाठी. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण खरं कारण तेच होतं, आणि आम्हा चौघांपैकी कोणीच ते मोठ्यानं बोलत नव्हतं.

डॉक्टर म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा नवरा. मूळचा वेंगुर्ल्याचा, आणि बरीच वर्षं मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात भूल देणारा. मागच्या वर्षी त्याला घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशन झालं, स्कॅन स्वच्छ आले, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चव मात्र गेली ती गेलीच. बांगडा आणि बटाटा त्याला सारखाच लागायचा, म्हणजे दोन्ही लागायचे नाहीत. नाक शाबूत होतं, हे आणखी वाईट. फोडणीचा वास यायचा, हा उठून ताटावर बसायचा आणि पहिल्या घासाला त्याचा चेहरा उतरायचा. मग बायकोकडे बघून म्हणायचा, छान झालंय. चव परत येईल, कदाचित येणारही नाही, असं त्याच्याच हॉस्पिटलातल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं. माझी मैत्रीण हळूहळू नीट स्वयंपाक करायची थांबली. तो जो मऊ, बेचव भात गिळायचा तोच तीही गिळायची. ‘‘त्याचं ते छान झालंय ऐकलं ना, की मला पातेलं फेकून द्यावंसं वाटतं,’’ असं ती मला फोनवर म्हणाली होती.

चौथा आमचा मित्र, लंडनच्या क्रॉयडन भागात राहणारा, म्हणून क्रॉयडनवाला. बँकेत नोकरी, पण खरा धंदा दुसऱ्यांच्या सुट्ट्या आखण्याचा. त्याच्या डोक्यातून कल्पना निघाली की डॉक्टरनं स्वतःच्या हातानं नदीतून सॅमन काढायचा, तिथेच काठावर तो तव्यावर टाकायचा, आणि मग बघू जीभ कशी गप्प बसते ते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं ही शुद्ध थाप होती. मी नागपूरची, मला मासळीतलं फारसं कळत नाही, पण मीही लगेच हो म्हणाले. वर्षभर नुसतं ‘गेट वेल सून’ म्हणून माणूस थकतो. काहीतरी करावंसं वाटतं.

जुलैतला शनिवार धरला. रविवारी तिकडे सॅमन धरायला कायद्यानं बंदी असते, आणि पुढच्या आठवड्यात श्रावण लागत होता. श्रावणात वेंगुर्ल्याचा माणूस मासे गरवायला गेला हे त्याच्या आईला कळलं असतं तर कॅन्सर परवडला, असं डॉक्टरच म्हणाला. सकाळी नदी आणि दुपारी बोटीतून देवमासे, असा बेत होता. मी राहते त्या मिल्टन कीन्सहून शुक्रवारी मँचेस्टरला गेले, तिथून चौघं एका गाडीतून स्कॉटलंडच्या उत्तरेला, इनव्हर्नेसच्या बाजूला. गाडीच्या डिकीत बिडाचा तवा, कॅम्पिंगचा गॅस, रवा, तांदळाचं पीठ, वेंगुर्ल्याहून आलेला मसाला, कोकमाचं आगळ आणि कापलेले कांदे. आमच्या कपड्यांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसावं लागलं.

नदीवर आमचा गाइड वाट बघत होता. लांब दाढी, कमी बोलणं. त्यानं आम्हाला छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवल्या आणि पिसांची खोटी माशी दोरीला लावून ती पाण्यावर कशी फेकायची ते दाखवलं. मला ते पाच मिनिटांत नकोसं झालं. माझी माशी एकदा झाडात आणि एकदा क्रॉयडनवाल्याच्या टोपीत अडकली. तो सारखा सल्ले देत होता आणि त्याच्याही हाती काही लागत नव्हतं.

डॉक्टर मात्र कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला आणि आम्हाला विसरला. लहानपणी खाडीवर गरी टाकून बसायचा म्हणे. ही फेकायची तऱ्हा निराळी होती, पण पाण्याकडे बघत थांबायचं कसब तेच असावं. आजारात त्याचे खांदे पडले होते, ते त्या पाण्यात पुन्हा सरळ झालेले दिसले. माझी मैत्रीण काठावर बसून त्याच्याकडे बघत होती.

आणि मासा लागला. गाइडसुद्धा चकित झाला. लोक आठवडाभर उभे राहून रिकाम्या हातानं परत जातात म्हणाला. रॉड वाकला, डॉक्टर मालवणीतून काहीतरी ओरडला, क्रॉयडनवाला व्हिडिओ काढता काढता पाण्यात बसला. बऱ्याच वेळानं गाइडनं जाळीत मासा घेतला. रुपेरी, देखणा, माझ्या हाताएवढा लांब. मी धावत गाडीकडे गेले, तवा काढला, गॅस पेटवला आणि पीठ-मसाला थाळीत काढून तयारीत उभी राहिले.

गाइडनं माझ्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि अगदी सौम्यपणे सांगितलं की मासा परत सोडायचा असतो. नदीतले मूळचे सॅमन कमी झालेत, या नदीवर कोणीच घरी नेत नाही. हे सगळं बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहिलेलं होतं. आम्ही तिघांनी क्रॉयडनवाल्याकडे पाहिलं.

‘‘मी वाचलं होतं रे, कॅच अँड रिलीज,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, ते पॅकेजचं नाव आहे.’’

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तसं झालं. आम्ही तर पावणेचारशे मैलांवरून फोडणीचं सामानसुद्धा घेऊन आलो होतो. पैसे देऊन मासा धरायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा ही कल्पना आमच्यापैकी कोणाच्या सात पिढ्यांत कोणी ऐकली नव्हती. मला खरोखर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण मैत्रिणीचा चेहरा मला दिसत होता. आमची ती थाप तिनं मनातून खरी मानली होती.

डॉक्टर मात्र खाली वाकून मासा दोन्ही हातांत धरून उभा होता, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, गाइड सांगत होता तसा. कल्ले हलायला लागले. शेपटीचा एक फटका मारून मासा गेला. डॉक्टर भिजलेला वर आला, खूश.

‘‘माझं काही गेलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘मला तो लागणारच नव्हता. नुकसान तुमचं झालंय.’’

आम्ही तव्यावर कांदा परतला, तो पावाबरोबर खाल्ला. डॉक्टर छान झालंय म्हणाला. मैत्रीण उठून तवा घासायला नदीवर गेली.

दुपारची बोट रबरी, उघडी, फार वेगवान. सगळ्यांना लाल जाड सूट घातले होते, त्यात आम्ही चौघं गॅस सिलिंडर दिसत होतो. मोरे फर्थ नावाच्या आखातात बरंच आत गेल्यावर पुढे पांढरे पक्षी धडाधड पाण्यात सूर मारताना दिसले, तशी बोट चालवणारीनं इंजिन बंद केलं. मग अगदी जवळ, आवाज न करता, एक काळी पाठ पाण्यावर आली, तिच्यावर आकड्यासारखा वळलेला छोटा पर, आणि सावकाश खाली गेली. एवढंच. क्रॉयडनवाला शेपटीची वाट बघत राहिला. या जातीचा देवमासा शेपटी वर काढत नाही हे कळल्यावर त्याला फसवल्यासारखं झालं. मला मात्र ती पाठ पुरेशी होती. एवढं मोठं जनावर आणि जराही गाजावाजा नाही. पुन्हा दोनदा आला. एकदा त्याचा श्वास वाऱ्यावरून आमच्यापर्यंत पोचला आणि बोटीतल्या सगळ्यांनी नाकं दाबली. डॉक्टरनं एकट्यानं छाती भरून वास घेतला. सुके बोंबील, असं म्हणाला.

परतताना वारा उलटा होता. बोट लाटांवर आपटत होती आणि पुढे बसलेल्या डॉक्टरच्या तोंडावर पाणी येत होतं. मध्येच त्यानं मागे वळून काहीतरी सांगितलं, इंजिनाच्या आवाजात कोणालाच कळलं नाही. धक्क्यावर उतरल्यावर तो तिथेच उभा राहिला.

‘‘पाणी खारट लागलं,’’ तो म्हणाला.

‘‘समुद्राचं पाणी खारटच असतं,’’ क्रॉयडनवाला म्हणाला.

‘‘ते मलाही माहीत आहे. मला ते लागलं, असं म्हणतोय मी.’’

तो लाल सूट अंगावर तसाच ठेवून माझी मैत्रीण धक्क्यावरच्या खाण्याच्या व्हॅनकडे चालत गेली आणि कागदात बांधलेल्या चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या लांब फोडी, घेऊन आली. अर्ध्या चिप्सवर तिनं मीठ घातलं, अर्ध्या कोऱ्या ठेवल्या. भिंतीवर बसून त्याला डोळे मिटायला लावले. वर्षभर तिला ‘छान झालंय’ ऐकवणाऱ्या माणसाच्या शब्दावर ती आता सहज विश्वास ठेवणार नव्हती. एक चिप दिली. तो म्हणाला, काही नाही. दुसरी दिली. मीठ, म्हणाला. तिसरी, काही नाही. चौथी तिनं मीठ बरंचसं झटकून दिली.

‘‘यात मीठ कमी आहे,’’ डॉक्टर म्हणाला.

ती रडायला लागली. हुंदके देऊन, लोक वळून बघतील एवढ्या मोठ्यानं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मला स्वतःलाच काही दिसत नव्हतं. डॉक्टरनं डोळे उघडले, एक हात तिच्या खांद्यावर टाकला, आणि दुसऱ्या हातानं तिच्या मांडीवरच्या कागदातून एकेक चिप उचलून खाऊ लागला, मीठ लागलेल्या आधी.