शेजाऱ्यांचं मत

मी ज्यांच्याकडे नोकरी करते ते गृहस्थ जर्मन आहेत आणि त्यांना डॉक्टर म्हटलेलं आवडतं. अमेरिकेत काल आलेला इंटर्नसुद्धा मालकाला पहिल्या नावाने हाक मारतो. आमच्या ऑफिसात तसं कोणी करून बघितलं तर डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागतात. मी नागपूरची, मास्तरांना सर म्हणत वाढलेली, त्यामुळे मला काही जड गेलं नाही. त्यांनी मला घेतलं ते माझ्या संख्याशास्त्राच्या डिग्रीमुळे कमी आणि या गुणामुळे जास्त, असा माझा संशय आहे.

डॉक्टरांचा धंदा म्हणजे निवडणुकीआधी लोकांचा कल काढून देणं. एके काळी त्यांच्या देशात त्यांचा भारी दबदबा होता. मतदान संपलं रे संपलं की टीव्हीवर पहिला अंदाज त्यांचा. मोठमोठे पुढारी भाषण लिहायच्या आधी त्यांना फोन करायचे म्हणे, स्वतःचं मत काय आहे ते विचारायला. पन्नाशीनंतर एका विद्यापीठाने बोलावलं म्हणून ते न्यू जर्सीत आले आणि इथेच राहिले. आता आमचं ऑफिस प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनजवळ, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर आहे. सुरुवातीला येणारी सेनेटर वगैरे मंडळी केव्हाच पांगली. हल्ली स्कूल बोर्डाचे उमेदवार येतात, आणि मध्यंतरी कुत्र्यांचं खाणं बनवणारी एक कंपनी आली होती. कुत्र्याचं मत त्याच्या मालकाला विचारावं लागतं, ही अडचण डॉक्टरांना फार आवडली.

त्यांचा सगळा लौकिक एका प्रश्नावर उभा आहे. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही मत कोणाला देणार, असं थेट विचारलं की माणूस पाहुण्याशी बोलतो तसं बोलतो. म्हणून विचारायचं, तुमचे शेजारी कोणाला देतील असं वाटतं? शेजाऱ्याच्या नावावर माणूस आपल्या मनातलं बिनधास्त सांगून टाकतो. आज या धंद्यातली निम्मी माणसं हाच प्रश्न विचारतात आणि त्यांना श्रेय देत नाहीत, हे आम्हाला दर सोमवारी ऐकावं लागतं.

गेल्या वर्षी माझा नवरा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला. तो उभा का राहिला हे आधी सांगायला हवं. बरीच वर्षं न्यूयॉर्कला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता, आणि एके दिवशी लॅपटॉप परत करून घरी आला. त्यानंतर मुलाखती झाल्या, त्या बंदही झाल्या. सकाळी मी ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की तो वेस्ट विंडसरच्या आमच्या घरात एकटा. दाढी करणं कमी झालं, झोप वाढली. मी घरी आले की दिवसभराची धुतलेली भांडी परत धुवायला काढायचा. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते. त्या महिन्यांत मी बरीच चिडले.

तेवढ्यात मंडळाच्या निवडणुकीचा ईमेल आला आणि स्वारी उठून बसली. अध्यक्षाला आमच्याकडे काय मिळतं म्हणाल, तर गणपतीत माइक मिळतो आणि जेवणाला उशीर झाला की शिव्या मिळतात. मुलगी म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट मंडळ.” पण तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी नऊला फोन घेऊन बसू लागला. हा हरला तर पुन्हा पलंग धरेल. त्याने जिंकणं भागच होतं. म्हणून मी ठरवलं, एवढी वर्षं परक्यांच्या निवडणुका मोजल्या, आता घरची मोजू.

खरं तर उमेदवाराच्या घरच्या माणसाने फोन करायचे नसतात, हे या धंद्यातलं पहिलीच्या वर्गातलं शिक्षण. पण मराठी बोलणारं दुसरं कोण आणायचं? मीच फोन केले, आणि घाईत प्रश्न थेटच विचारला. सगळ्यांनी एकच सांगितलं, “वहिनी, हे काय विचारणं झालं? नक्की. आणि जेवायला कधी येताय?” समोरचे उमेदवार म्हणजे ज्यांच्या बेसमेंटमध्ये आमच्या ढोलपथकाची प्रॅक्टिस चालते ते. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानेसुद्धा मत आम्हालाच दिलं. मी खुशीत येऊन तो निकाल डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “बर्लिनची भिंत पडायच्या आधी आमच्या पूर्व जर्मनीत असे निकाल लागायचे.”

मग नाइलाजाने मी दुसरी फेरी केली, त्यांच्या पद्धतीने. तुमचं मत माहीत आहे हो, पण इतरांना काय वाटतं? आणि मंडळी जी सुटली! आम्ही आहोतच, पण लोकांचा भरवसा नाही. आम्हाला तो आवडतो, पण लोकांना वाटतं बेसमेंटवाले बरे, त्यांचं पार्किंग मोठं आहे. हे लोक नेमके कुठे राहतात कोण जाणे, कारण मंडळाचे सगळे सभासद तर आमच्याच बाजूचे होते. शेवटी एका काकूंना फोन लावला. त्या मला लेकीसारखं वागवतात, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले होते. त्या म्हणाल्या, “आमचं नाही हं असं, पण लोक म्हणतात, नोकरी गेली, रिकामा आहे, म्हणून उभा राहिलाय. स्वतःचं सावरत नाही तो मंडळ काय सांभाळणार?” मी थँक यू काकू म्हटलं, फोन ठेवला आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. काकूंचा मला आजही राग आहे. लाडवांसकट.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले. ते कधी असे येऊन बसत नाहीत. निकाल काय म्हणून त्यांनी विचारलं नाही, माझ्या तोंडावर तो छापलेलाच असावा. त्यांनी आपणहून त्यांच्या बायकोची गोष्ट काढली. ती एका लहान पक्षातर्फे संसदेसाठी उभी होती. त्यांच्याकडे पक्षाला शंभरात पाच मतं मिळाली नाहीत तर त्याला संसदेत बहुधा जागाच मिळत नाही. मतदानाच्या आठवड्यात डॉक्टरांच्या सर्वेत तो पक्ष पाचाच्या थोडा खाली होता. त्यांनी तो आकडा टीव्हीवर सांगितला. मत वाया कशाला घालवायचं म्हणून होते तेही मतदार पळाले, आणि पक्ष त्यांनी सांगितला होता त्याहून खाली गेला. थर्मामीटरने कधी ताप येत नाही, हे वाक्य ते जन्मभर भाषणांतून सांगत आले आहेत. त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नाही.

मी विचारलं, आकडा दाबून ठेवायला हवा होता असं वाटतं का? ते म्हणाले, “नाही. आकडा बरोबर होता. पण तिने तो टीव्हीवर ऐकला. त्याच दिवशी सकाळी आम्ही एकाच टेबलावर कॉफी घेतली होती.” मग त्यांनी डबा बंद केला आणि मला लवकर घरी जायला सांगितलं. ते इथे एकटेच का राहतात हे मी त्यानंतर कधी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा नवरा स्वयंपाकघरात फोनवर होता. मी चहा टाकला, त्याचा फोन संपायची वाट बघितली, आणि सगळं सांगितलं. काकूंचं वाक्य तेवढं गिळलं. तो शांतपणे ऐकत होता, चहात बिस्किट बुडवत होता.

“अगं, मला माहितीये,” तो म्हणाला. “ज्याला मत द्यायचं असतं तो चार अटी घालतो. पार्किंगचं बघा, जेवण वेळेवर द्या. नुसतं नक्की म्हणणारा देत नसतो. मला सगळे नक्की म्हणाले.”

“मग उभा कशाला राहिलास? विड्रॉ कर ना.”

“लेऑफ झाल्यापासून मला कोणी फोन करत नाही. मीही कसा करणार, काय म्हणून करणार? कसा आहेस म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा आता नोकरीसाठी रेफरल मागणार. आता कारण आहे. मत मागायला फोन केला की लोक बोलतात यार. आधी अर्धा तास बोलतात, मग नक्की म्हणतात.”

मी संध्याकाळी रोज त्याच्यासमोर बसत होते. आज अप्लाय केलंस का, याखेरीज मी त्याला काही विचारलं नव्हतं.

रविवारी तो पडला, डॉक्टरांच्या पद्धतीने निघालं होतं तसाच. बेसमेंटवाल्यांना त्याने हार घातला, फोटो काढले, जेवणाच्या ओळीत उभा राहून दोनदा श्रीखंड घेतलं. सोमवारी सकाळी मी पर्स शोधत होते तर तो दाढी करून पुन्हा फोनवर. पडलेल्या उमेदवाराने मतदारांचे आभार मानायचे असतात, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. आणि पलीकडून प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की आम्ही तर तुलाच दिलं, लोकांनी घोळ केला. त्या हिशेबाने हा एकमताने निवडून यायला हवा होता. तो हसून म्हणत होता, हो ना, माहितीये मला. बोलणं पुढे पोरांवर, गुडघ्यांवर, गावाकडच्या घरावर जात होतं. काकूंनाही त्याने फोन केला, सगळ्यांत लांब तोच चालला.

पण आभार मानायची माणसं गुरुवारपर्यंत संपली. त्या सकाळी तो फोन हातात धरून टेबलाशी बसला होता, आणि मी निघताना त्याने विचारलं, “आता कोणाला करू?”

“मला कर,” मी म्हटलं आणि बाहेर पडले. दुपारी ऑफिसात फोन वाजला. स्कूल बोर्डाचा रिपोर्ट द्यायचा होता, डॉक्टर दारात उभे होते. मी त्यांना हाताने थांबा म्हणून खुणावलं आणि फोन उचलला. तो जरा अवघडून म्हणाला, “अगं, काही काम नाही.”

“मग बोल,” मी म्हटलं.