दिसणारं गाणं

आमच्या घरी गुपित बोलायचं असेल तर कुणी आवाज खाली करत नसे, पाठ फिरवत असे. बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे जिथं माग चालतात तिथं. शेकडो मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान कामातून गेले होते. ओठ मात्र ते असे वाचायचे की गल्लीच्या तोंडाशी दोन बायका काय कुजबुजतायत ते आमच्या गॅलरीतून सांगायचे. त्यामुळे आईला त्यांच्याबद्दल काही बोलायचं झालं की ती स्टोव्हकडे तोंड करून बोलायची.

बहुतेक वेळा ते बोलणं गाण्याबद्दल असायचं. आई ग्वाल्हेरची. तिकडच्या पोरी पाळण्यातच सुरात रडतात, असा तिचा तोरा. सकाळी रेडिओवर शास्त्रीय गायन लागलं की स्नेहलतागंजातल्या आमच्या दोन खोल्यांत भांड्याला भांडं लावायची सोय नव्हती. मग कुकर होईपर्यंत ती स्वतः गायची. आवाज खरंच चांगला होता. मी तिची मुलगी असून सांगते, आणि मला तिचं फारसं काही पटत नसे. बाबा समोर चहा घेत बसलेले असायचे, तिच्याकडे बघत, चेहरा कोरा. "गाढवाला गुळाची चव काय," ती स्टोव्हला सांगायची.

मला दोघांचंही काही नको होतं. घरोघरी केबल आली होती. दुबईच्या मावसभावानं वॉकमन आणला होता आणि मी कॉलेजातून आले की कानात बोळे घालून पडायची. हिंदी पॉप, इंग्रजी पॉप, जे मिळेल ते. आईच्या मते ती नुसती आदळआपट होती. तर घरात एक सुराची भक्त, एक ठेक्याची, आणि तिसऱ्या माणसाच्या पदरात गाणं देवानं घातलंच नाही, असं आम्ही दोघींनी धरून ठेवलं होतं. आमचं एकमत झालेली ती एवढीच गोष्ट.

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग सूत येईना, मग पगार लांबायला लागले. मग एक दिवस गेटाला कुलूप लागलं आणि माणसं गेटाबाहेरच पाळीच्या वेळेला जमायला लागली. बाबाही डबा घेऊन जायचे आणि भरलेला डबा परत आणायचे. पुढे तेही थांबलं. मग ते गॅलरीतल्या खुर्चीत बसायला लागले.

आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

समोर एका गोदामाची बंद खिडकी होती. तिच्याकडे बघत बाबा ओठ हलवायचे, मग थांबायचे. थांबून समोर बघायचे, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखे. मान हलवायचे, कधी खुदकन हसायचे, आणि पुन्हा ओठ सुरू. आवाज नाही, काही नाही. मी त्या खिडकीकडे कितीदा बघितलं असेल. गंजलेली जाळी आणि आत काळोख. भर दुपारच्या उन्हातही भीती वाटू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

खालून जाणारे वर बघायला लागले. शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठलं. "भाभीजी, भाईसाब को किसी को दिखा दो. बाहर का भी हो सकता है." आईनं कुठून तरी अंगारा आणला. मी भांडले, अंगारा कसला लावतेस, डॉक्टरकडे ने. डॉक्टरांनी 'सदमा है' म्हणून गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी बाबा दिवसाही झोपायला लागले, आणि झोपेतही ओठ हलायचे. आई त्यांच्या उशाशी बसून त्या ओठांकडे बघत राहायची.

अशीच एक दुपार. मी खाटेवर पडून वॉकमन ऐकत होते. डोळे मिटलेले, गाण्याबरोबर तोंड चाललेलं, पण बिनआवाजाचं, कारण आवाज काढला की आई ओरडायची. डोळे उघडले तर बाबा पायथ्याशी उभे. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि त्यांचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलत होते.

मी थांबले.

"आगे?" बाबा त्यांच्या त्या वरच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाले. "पुढची ओळ म्हण ना. बराबर चाललं होतं."

मी कानातले बोळे काढले. "बाबा, तुम्हाला कसं कळलं गाणं?"

"दिसतंय ना." मग त्यांनी माझ्या गाण्याचं अख्खं कडवं म्हणून दाखवलं. गद्यात, बाजाराची यादी वाचावी तसं, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. ते गाणं त्यांच्या कानावर कधी पडणं शक्यच नव्हतं.

खाटेच्या कडेला बसून ते सांगायला लागले. "खात्यात आम्ही असंच गायचो, बेटा. एक ओळ माझी, एक ओळ समोरच्या साच्यावरच्या भियाची. आवाज कशाला काढायचा? तिथं अपना आवाज अपने को नहीं आता था. ओठांनीच म्हणायचं. पाळी पूरी व्हायची, गाणी खतम नाही व्हायची."

"आणि गॅलरीत?"

बाबा जरा ओशाळले. "तेच. माझी ओळ झाली की थांबतो. मग त्याची येते."

तो समोरच्या मागावरचा माणूस, बाबांचा भिया, म्हणजे भाऊच मानलेला, मला माहीत होता. पोळ्याला आमच्याकडे पुरणपोळी खायला यायचा. मिलला कुलूप लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो गेला होता. बाबांनीच खांदा दिला होता.

"बाबा, ते तर वारले ना."

"हो ना," बाबा म्हणाले. "पर ओळ तर येते."

मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं तिच्या जिवात जीव येईल. ती ओट्याला टेकून खाली बसली. "वेड असतं तर औषध तरी असतं गं," ती म्हणाली. "हे मेलेल्या माणसाबरोबर गातायत. तो यांना असाच गात गात घेऊन जाईल. मी काय करू?"

काय करायचं ते मला त्या क्षणी अगदी साधं वाटलं. मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस बसवायचा. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत दुसरी खुर्ची नेली आणि त्या खिडकीला पाठ देऊन बाबांच्या समोर बसले.

पहिले काही दिवस बाबा माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. त्यांची ओळ व्हायची, मी माझी म्हणायची, पण नजर खिडकीवर. मागं वळून बघायची इच्छा मी कशी दाबली ते माझं मलाच माहीत. हळूहळू नजर खाली उतरली, माझ्या तोंडावर आली. मग आमचं जमलं.

त्यांच्या तरुणपणची सिनेमाची गाणी मी शिकले, माझी त्यांना शिकवली. मिलमधली त्यांची आपली गाणीही होती, त्या समोरच्या भियानं जुळवलेली. 'जा रे धोटा, जा के आ, घर की खबर ले के आ', असं एक धोट्याला उद्देशून होतं. धोटा म्हणजे मागातून सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. बाबांनी त्या गाण्यातल्या मित्राच्या ओळी मला दिल्या. मी विचारलं, याची चाल कशी आहे? ते विचारात पडले. चाल अशी नव्हतीच. माग धडधडत होते तोवर चालीची गरज कुणाला पडली नव्हती.

माझ्या गाण्यांवर त्यांची मतं ठाम होती. भराभर शब्द पळणारं गाणं आवडायचं. "हे फास्टवालं मस्त आहे, पूरा तोंड कामाला लागतं." इंग्रजी गाणी त्यांना नापसंत. "ह्यात काय आहे? नुसत्या जांभया देऊन राहिलाय तो." एकदा मी सहज म्हटलं, मग आईचं गाणं का नाही आवडत तुम्हाला?

"आवडत नाही कोण म्हणालं? दिसत नाही. एका शब्दावर पाव पाव तास तोंड उघडं. मी बघतो ना, लग्न झाल्यापासून बघून राहिलोय. काही तरी असणार म्हणून रोज बघतो. मला दिसतच नाही."

आई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. बाबांची तिच्याकडे पाठ होती. तिनं कप कठड्यावर ठेवले आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं रेडिओ लावला नाही.

गोळ्या सुटल्या. बाबा एका किराणा दुकानात माल मोजायला जाऊ लागले. मला पुण्याला नोकरी लागली, संगणकाची. तसल्या नोकऱ्या तेव्हा नुकत्याच निघत होत्या, मिलवाल्यांची पोरं त्यात भराभर जात होती. घरात पेढे वाटले, मी माझा तसाच ठेवून दिला. खुर्ची रिकामी झाली की समोर कोण येऊन बसणार ते मला ठाऊक होतं.

मी आईला सरळ विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"माझ्यानं नाही व्हायचं," ती म्हणाली. "सुराशिवाय गाणं मला येत नाही. आणि खरं सांगू? तुम्ही दोघं समोरासमोर तसे बसता ना, मला भीती वाटते. दोन भुतं बसल्यासारखी."

मी गेले. जायचंच होतं, नाही कशाला म्हणू. दर रविवारी फोन करायची. बाबांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून आई सगळं सांगायची. ते गॅलरीत बसतात का, हे विचारायला माझी जीभ रेटत नसे. तिनंही सांगितलं नाही. त्याच वर्षी त्यांनी घर बदललं, राजेंद्र नगरला एका बैठ्या घरात गेले. मला हायसं वाटलं. निदान ती खिडकी तरी सुटली.

दिवाळीला मी एक दिवस आधीच पोचले. सकाळची वेळ होती. फाटक उघडंच होतं. दाराशी आले तर आत माणसं असून आवाज नाही. खिडकीतून बघितलं. बाबा खुर्चीत, समोर वेताच्या बुटक्या मोढ्यावर आई, मांडीवर मेथीची जुडी. आईचे ओठ हलत होते. तिची ओळ संपली, बाबांनी पुढची म्हटली, त्यांच्या ओठांबरोबर तिनं मान डोलावली आणि पुढची घेतली. गाणं तिचंच होतं, माहेरचं, एरवी अर्धा तास चालणारं. तिनं त्यातल्या ताना, आलाप सगळं काढून टाकलं होतं. उरलेले चार-सहा शब्द ती एकेक स्पष्ट करून, तोंड नीट उघडून मिटून त्यांना देत होती. माझ्या आईनं, आवाजाचा एवढा तोरा असलेल्या बाईनं, आवाज बाजूला काढून ठेवला होता. आणि बाबा तिच्या तोंडाकडे असे बघत होते की मला तिथं उभं राहावेना. मला मत्सर वाटला. सरळ सांगते, माझ्या हक्काची खुर्ची गेल्यासारखं वाटलं. मी फाटकापर्यंत मागं गेले आणि कडी मोठ्यानं वाजवून पुन्हा आत आले. आईला ती ऐकू आली. मी दार ढकललं तेव्हा गाणं थांबलेलं होतं, ती नुसती मेथी निवडत होती.

त्यांना तशी बरीच वर्षं मिळाली. बाबा गेले ते झोपेत, सकाळी चहाला उठलेच नाहीत. आईनं सांगितलं, ओठ मिटलेले होते.

तेराव्याला नातेवाईक जमले. कुणी तरी आईला म्हणालं, एक अभंग म्हणा तुम्ही, ह्यांच्यासाठी. आईनं नुसता हात हलवला. तेव्हा आमच्या ध्यानात आलं की तिचं गाणं आम्ही कुणीच किती तरी वर्षांत ऐकलेलं नाही.

सगळे पांगल्यावर मी राहिले. दुपारी तिला चहा घेऊन गेले तर ती मोढ्यावर बसली होती, बाबांच्या खुर्चीसमोर. ओठ हलत होते. मी वाचू शकत होते. तेच तिचं माहेरचं गाणं. तिची ओळ झाली, ती थांबली. खुर्चीकडे बघत राहिली. मग मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली.

मला काय करायचं ते माहीत होतं. हे मी पूर्वी एकदा केलं होतं आणि ते बाबांना लागू पडलं होतं. मी चहा खाली ठेवला, पुढे होऊन खुर्चीत बसले. आईनं माझ्याकडे बघितलं, पण गाणं मोडलं नाही. तिची ओळ संपली. पुढची मला येत होती. मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द ओठांवर घेतला.

आईनं हलकेच माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तू नको," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, वापर नसलेला. "त्यांना म्हणू दे."

मी ओठ मिटले, खुर्चीतून उठले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मग आम्ही दोघी बाबांच्या ओळीसाठी थांबलो.