साडभाऊंचं पाठांतर

आमच्या साडभाऊंएवढा मोठा नट जबलपुरात झाला नाही आणि होणार नाही, असं खुद्द साडभाऊंचं मत आहे. ते खोडून काढण्याएवढी सवड या शहरात अजून कोणाला मिळालेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खमरियाच्या फॅक्टरीत त्यांनी उभी नोकरी केली, पण तो विषय निघाला की "ते आपलं पोटापाण्याचं" म्हणून हात झटकतात. त्यांच्या मते ते जन्माला आले ते आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकासाठी. उरलेलं वर्ष ते मागच्या नाटकातून बाहेर पडत असतात किंवा पुढच्या नाटकात शिरत असतात, आणि दोन्ही वेळा नेमका त्यांच्या वाटेत मी सापडतो.

मी रेल्वेच्या नोकरीसाठी अमरावतीहून इथे आलो आणि इथलाच जावई झालो. लग्नानंतर त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा पानात वरण पडायच्या आत माझ्या हातात नाटकाची संहिता पडली. "भैया, तुमचा आवाज बारीक आहे. प्रॉम्प्टिंगले एकदम फिट," असं म्हणून त्यांनी मला विंगेत उभं केलं, तो मी केस पिकले तरी तिथेच उभा आहे.

साडभाऊंना रंगमंचावर मरायला मनापासून आवडतं. एका फार्सात त्यांना नवरीच्या मामाचं काम होतं. मामाने फक्त अंतरपाट धरायचा होता. पण साडभाऊंनी हट्ट धरला की मामाला तिसऱ्या अंकात झटका आला पाहिजे. "पब्लिक थोडं रडल्याशिवाय तिले हसल्याचं समाधान भेटत नाही," असं त्यांचं शास्त्र. दिग्दर्शकाने कंटाळून होकार दिला. साडभाऊ ठरल्याप्रमाणे मेले, म्हणजे आधी खुर्चीवर, मग खुर्चीखाली आणि शेवटी बरोब्बर मधोमध, जिथे लाइट चांगला पडत होता तिथे. आता त्यांना उचलून आत न्यायचं होतं, पण ते काही दोघातिघांना उचलेल असं प्रकरण नव्हतं. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. मामाचं प्रेत मांडवात आणि वर मंगलाष्टकं, असा तो देखावा. शेवटी साडभाऊच उठले, नवरानवरीवर अक्षता टाकल्या आणि पुन्हा जागेवर जाऊन मेले. लोक हसून हसून बेजार झाले. त्या हसण्याबद्दल त्यांनी जबलपूरला अजून माफ केलेलं नाही.

विनोदाची त्यांची रीत आणखी वेगळी. आमच्या मंडळातल्या तरुण पोरांना मराठी कळतं पण बोलवत नाही, आणि सुना बऱ्याचशा हिंदी घरातल्या. म्हणून साडभाऊ प्रत्येक विनोद आधी मराठीत करतात, जुनी मंडळी हसून होईपर्यंत थांबतात, मग सुनांच्या रांगेकडे अर्धं वळून "मतलब ये बोल रहा है कि..." अशी सुरुवात करून तोच विनोद हिंदीत समजावतात. तोपर्यंत समोरचा नट बिचारा कधी छताकडे, कधी माझ्याकडे पाहत राहतो. धावपळीचा फार्सही त्यामुळे कीर्तनाच्या चालीने चालतो आणि मंडळातला स्वयंपाक निवून जातो. मी एकदा समजावून पाहिलं. "भैया, घरच्या सुनेले हसू आलं नाही तर मग मी कोणासाठी करून राहिलो?" असं म्हणाले. या माणसाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तालमीलाही त्यांना जागेचं बंधन नाही. मटारच्या दिवसांत एकदा आम्ही बाजारात गेलो. मी नारळ घ्यायला पलीकडे वळलो, तेवढ्यात यांनी पनागरहून आलेल्या एका भाजीवालीच्या ढिगासमोर मुलगा गमावलेल्या बापाचं रडणं तपासून पाहायला घेतलं. परत येतो तर भाजीवालीने त्यांना पोत्यावर बसवलेलं, हातात पाण्याचा पेला, पिशवीत फुकटचे मटार. मी पैसे देऊ लागलो तर ती माझ्यावरच उखडली. "बुजुर्ग आदमी को ऐसे अकेला छोड़ते हैं क्या?" साडभाऊंनी डोळे पुसत मान डोलावली. घरी येईपर्यंत ते खुशीत होते आणि मी जळफळत होतो.

पण माझ्या नाकी नऊ आणले ते त्यांच्या पाठांतराने. म्हणजे पाठांतर नसण्याने. कोणत्याही नाटकातलं एकही वाक्य विंगेतून माझा आवाज आल्याशिवाय त्यांच्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. मला पान उलटायला वेळ लागला की ते गप्प उभे राहतात, आणि पहिल्या रांगेतले जुनेजाणते म्हणतात, "काय थांबतो हा माणूस!" हार त्यांच्या गळ्यात पडतो. चुकलं की मात्र "आमचा प्रॉम्प्टर डुलकी घेऊन राहिला होता" हे सगळ्या मंडळाला ऐकवलं जातं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण म्हणजे मी.

गेल्या थंडीत नागपूरची काही तरुण पोरं मराठी सिनेमा करायला आली. त्यांना ग्वारीघाटावर, नर्मदेत, नावेतला एक प्रसंग घ्यायचा होता. एक म्हातारा मुलाला घेऊन बायकोच्या अस्थी सोडायला येतो. मंडळात विचारत आलेल्या त्या दिग्दर्शक पोराने साडभाऊंना पाहिलं आणि म्हणाला, "काका, चेहरा हाच पाहिजे." काम छोटं होतं, पण नीट झालं तर पुढे नागपूरला याच म्हाताऱ्याचे आणखी प्रसंग घ्यायचे होते. आजवर सिनेमाने साडभाऊंची फक्त पाठ घेतली होती, तीही एका गर्दीत, आणि ती पाठ मोबाइलवर थांबवून त्यांनी आम्हाला कित्येकदा दाखवली होती. आता तोंड दिसणार होतं. त्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि नेहमीसारखे बोलले नाहीत. "भैया, नागपूरचं जमलं पाहिजे. आता नाही तर मग केव्हा?" एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग राग येतो हे खरं, पण त्या वेळी वाटलं, देवा, या माणसाचं एवढं होऊ दे.

वाक्यं मोजकी होती. "थांब जरा. तिले पाण्याचं भेव वाटे. हळू सोड." एवढंसं पाठ करायला काय हरकत होती? पण नाही. साडभाऊंचा हुकूम सुटला की मी नावेत पाहिजे. नावेत विंग नसते, हे सांगूनही उपयोग झाला नाही. परिणामी एका गारठलेल्या सकाळी, पेन्शन घेणारा मी, नावेच्या तळाशी घोंगडी पांघरून आडवा झालो होतो. नाववाला माझ्याकडे पाहून सारखा "नर्मदे हर" म्हणत होता.

कॅमेरा सुरू झाला. मी बारीक आवाजात सांगितलं. साडभाऊ बोललेही, पण आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या पोराने किनाऱ्यावरून हात हलवला. "कोई और भी बोल रहा है." दुसऱ्या वेळी मी जवळजवळ ओठांतच सांगितलं. साडभाऊ ऐकायला माझ्याकडे वाकले, नाव कलली, मुलाचं काम करणाऱ्या नटाने एका हाताने अस्थिकलश आणि दुसऱ्या हाताने बाप सावरला, आणि साडभाऊ कॅमेऱ्यासमोर मोठ्याने म्हणाले, "काय?"

मग घोंगडी उघडली गेली. दिग्दर्शक चांगल्या घरचा असावा, कारण तो हसला नाही. मला किनाऱ्यावर सोडून नाव पुन्हा आत गेली. तिथे आमच्या ताई, म्हणजे साडभाऊंच्या मंडळी, उभ्या होत्या. मी तणतणत म्हणालो, "ताई, तीन वाक्यं! तीन वाक्यं यांना पाठ होत नाहीत?"

ताई नावेकडे पाहत म्हणाल्या, "पाठ काहून नसतील? दरवर्षी दाढी करताना अख्खं नाटक बोलतात, बायांच्या पार्टासकट. तुम्ही जबलपुरात यायच्या आधी एकदा हे स्टेजवर असेच एकटे उभे राहिले होते. शब्द तोंडात होते, पण आवाजच फुटला नाही. पडदा पाडला लोकांनी. तेव्हापासून कोणीतरी मागे आहे हे कानाले कळल्याशिवाय तोंड उघडत नाही त्यांचं."

इतकी वर्षं मी विंगेत उभा राहून या माणसाला विसरभोळा समजत होतो. नावेत साडभाऊ बसले होते. कॅमेरा चालू झाला की त्यांचे ओठ हलायचे आणि थांबायचे. मग ते किनाऱ्यावरच्या माणसांत मला शोधायचे. मी हात वर केला, पण मधे पाणी होतं, आणि हात काही ऐकू येत नाही. ऊन वर येईपर्यंत ती पोरं थांबली. मग दिग्दर्शकाने येऊन साडभाऊंच्या पायाला हात लावला आणि नागपूरचं राहू द्या म्हणाला. घरी येताना साडभाऊ रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बडबड करावी अशी इच्छा मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा झाली.

सिनेमा परवा परवा इथे लागला, मंडळाने खटपट करून लावलेला रविवार सकाळचा एकच खेळ. साडभाऊ येत नव्हते, ताईंनी आणले. ते माझ्या शेजारी बसले. नावेचा प्रसंग आला. पोरांनी वाक्यं काढून टाकली होती, नुसता चेहरा ठेवला होता. म्हातारा मांडीवर कलश घेऊन बसला आहे आणि किनाऱ्याकडे पाहतो आहे, सगळी माणसं चाचपत, कोणाला तरी शोधत. आमच्या मागे सुनांची रांग होती. त्यातली एक हुंदका देऊन म्हणाली, "देखो ना, अपनी बीवी को ढूँढ रहे हैं बेचारे." ते कोणाला शोधत होते हे त्या थिएटरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. पडद्यावर साडभाऊंचे ओठ हलले, थांबले, आणि मला काही राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी झुकून म्हणालो, "थांब जरा. तिले पाण्याचं भेव वाटे. हळू सोड."

साडभाऊंनी पडद्यावरची नजर काढली नाही. माझा हात तेवढा घट्ट धरला, आणि अगदी हळू, पण स्वच्छ आवाजात, ती तिन्ही वाक्यं बोलले.