तारेच्या दुसऱ्या टोकाला

पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात हातपंप कोरडे पडले होते. नवी बोअर कुठे मारायची ते सांगायला मला पाठवलं होतं. नोकरीचं पहिलंच वर्ष. आमची पद्धत अशी, की जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, लांब तारांनी त्यांतून करंट सोडायचा आणि खालचा दगड तो किती अडवतो ते यंत्रावर बघायचं. त्यावरून पाण्याचा अंदाज येतो. जेवढं खोलचं बघायचं, तेवढ्या सळया दोन्हीकडे लांब न्यायच्या.

यंत्रापाशी मी. एका टोकाला, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गावातले म्हातारे भाऊ. ते एरवी तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगायचे, तरी माझ्या कामाला हौसेनं आले होते. दुसरं टोक नाल्याकडच्या झुडपात. तिथे पन्नाशीची एक बाई. सळई ठोकून झाली, की हात काढून "सोडला!" म्हणून ओरडायचं. दोन्हीकडून हाक आली, की मी बटण दाबायचं. त्या करंटनं माणूस आडवा होऊ शकतो.

अकराच्या सुमाराला भाऊंची हाक आली. बाईंचीही आली असं मला वाटलं. मी बटण दाबलं, आकडा लिहिला आणि ओरडले, "बाई, पुढे चला!"

उत्तर नाही. पुन्हा ओरडले. तार हललीसुद्धा नाही.

तेव्हा लक्षात आलं, की मघाशी बाईंचा आवाज मी ऐकलाच नव्हता. मी धावत सुटले, तर तोवर यंत्रापाशी आलेल्या भाऊंनी हात धरला.

"धावू नका, मॅडम. वांदरं ओरडून राह्यले. तिकडं वाघ हाय."

आणि क्षणभर मला बरं वाटलं. वाघ असेल तर चूक माझी नाही, असं मनात आलं. त्या विचाराची मला वाघापेक्षा जास्त भीती वाटली.

आम्ही तारेच्या कडेनं निघालो. भाऊ सळईवर हातोडी वाजवत मोठमोठ्यानं बोलत होते. बाई मोहाच्या झाडाला पाठ लावून उभ्या होत्या, समोर नाल्याच्या ओल्या वाळूत वाघीण पसरलेली. तिची शेपटी तेवढी हलत होती.

"बाई, माघारी ये. पाठ नको दावू," भाऊ म्हणाले.

बाई झाडाला वळसा घालून एकेक पाऊल मागे आल्या. यंत्रापाशी पोचल्यावर मटकन खाली बसल्या.

"करंट लागला का?" मी विचारलं.

"नाई जी. मी हात लावाच्या आधीच ते दिसली. आवाजच निघे ना." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी बोलली नाई, तरी तुम्ही बटन दाबलं का?"

"हो," मी म्हणाले.

त्या घोटभर पाणी पिऊन घरी गेल्या.

दोन दिवसांनी गावाच्या वरच्या अंगाला, उघड्या रानात, आम्ही पुन्हा मोजणी केली. बाई येतील असं वाटलं नव्हतं. आल्या आणि सरळ यंत्रापाशी बसल्या.

"आज बटन मी दाबतो. कसं दाबाचं ते सांगा."

मी शिकवलं आणि हातोडी घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. संध्याकाळपर्यंत सळया मीच ठोकल्या, प्रत्येक वेळी घसा फाटेस्तोवर ओरडत. तिथल्या बोअरला पाणी लागलं. फार नाही, पण गावाला पुरेल एवढं.